पाण्याला मातकट वास आला की आधी क्लोरीनवरचा हात काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे: धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला दहा दिवसांपासून मातकट, कुबट वास येतोय. गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत आहे, उर्वरित क्लोरीन ठीक आहे, जिवाणूंचा अहवाल स्वच्छ आहे. तक्रारी आल्या म्हणून कच्च्या पाण्यात पडणारं क्लोरीन दुप्पट केलं, तर तक्रारी कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. हे पाणी घातक आहे का, आणि आता करायचं काय?

घातक आहे का, याकडे पुढे येतो. आधी एक काम करा. कच्च्या पाण्यातलं वाढवलेलं क्लोरीन याच पाळीपासून खाली आणा आणि जमलं तर काही दिवस पूर्ण बंद ठेवा. फिल्टरनंतरच्या निर्जंतुकीकरणाच्या डोसाला मात्र हात लावायचा नाही, तो जसा आहे तसाच राहील. मी बोलतोय ते फक्त सुरुवातीच्या डोसाबद्दल.

कारण सोपं आहे. तुम्ही वर्णन केलेला वास बहुतेक वेळा नीलहरित शेवाळातून येतो आणि वास देणारं द्रव्य बऱ्याच अंशी त्याच्या पेशींच्या आत असतं. पेशी अख्खी राहिली तर ती तुरटीने धरलेल्या गाळाच्या गोळ्यात अडकते, निवळण टाकीच्या तळाशी बसते आणि वासासकट गाळातून निघून जाते. क्लोरीनचा जोरदार डोस पडला की पेशी फुटते आणि आतला माल पाण्यात विरघळतो. विरघळलेलं द्रव्य तुरटीने बसत नाही, वाळूच्या फिल्टरमध्ये अडकत नाही, आणि नेहमीच्या डोसात क्लोरीन त्याचं जवळपास काहीच बिघडवू शकत नाही. बंद डबी आपसूक खाली बसणार होती, तिचं झाकण आपणच उघडलं. वर सेंद्रिय पदार्थ आणि क्लोरीन एकत्र आले की ट्रायहॅलोमिथेन नावाची आरोग्याला नको असलेली उपद्रव्यं वाढतात, तो तोटा वेगळाच.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, रात्रपाळीला, तक्रारींचे फोन घेऊन घेऊन वैतागलो आणि क्लोरीनेटरचा काटा चढवत गेलो. तिसऱ्या दिवशी पाण्याला क्लोरीनचाही वास आणि मातीचाही. आमचे जुने केमिस्ट आले, त्यांनी कच्च्या पाण्याची बाटली हुंगली, मग शुद्ध पाण्याची, आणि एवढंच म्हणाले, "धरणापेक्षा आपल्याकडेच जास्त वास आहे." तेव्हापासून वासाची तक्रार आली की मी आधी काहीही वाढवत नाही. आधी हुंगतो.

मातकट वासामागे मुख्यतः दोन द्रव्यं असतात. पहिलं जिऑस्मिन. १९६५ मध्ये ते वेगळं करून ओळखलं गेलं आणि ग्रीक भाषेतल्या माती आणि वास या दोन शब्दांवरून त्याचं नाव पडलं. पहिल्या पावसानंतर जमिनीतून जो वास येतो त्यात आणि बीटाच्या चवीत हेच असतं. दुसरं २-मिथाइलआयसोबॉर्निऑल, प्रयोगशाळेत सगळे त्याला एमआयबी म्हणतात. त्याचा वास जास्त कुबट, बुरशीकडे झुकणारा आणि किंचित कापरासारखा. दोन्ही तयार करणारे जीव साधारण तेच: ॲनाबिना, ऑसिलेटोरिया, फॉर्मिडियम, स्युडॲनाबिना अशी नीलहरित शेवाळं, आणि गाळात व काठच्या मातीत राहणारे ॲक्टिनोमायसिटीज नावाचे जिवाणू.

आपलं नाक या दोघांच्या बाबतीत भलतंच तिखट असतं. लिटरला सुमारे १० नॅनोग्रॅम जिऑस्मिन असलं तरी अनेकांना ते कळतं. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावतं. एवढ्या सगळ्या पाण्याला वास लावायला २५ मिलिग्रॅम जिऑस्मिन पुरतं. म्हणजे चिमूटसुद्धा नाही. तुमचे सगळे अहवाल स्वच्छ असूनही लोक ओरडताहेत, त्यात विसंगती काहीच नाही. गढूळपणा, क्लोरीन, जिवाणू यांतली एकही चाचणी हे द्रव्य मोजतच नाही. ते मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री लागते. ती सोय बहुतेक केंद्रांत नसते, आणि बाहेरून अहवाल येईपर्यंत बहर, म्हणजे शेवाळाची एकदम झालेली मोठी वाढ, ओसरूनही जातो. नमुना जरूर पाठवा, पण त्याची वाट पाहत बसू नका.

तोवर नाक हेच उपकरण. फक्त ते शिस्तीने वापरायला हवं.

चार रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या घ्या, साबणाचा किंवा अत्तराचा वास नसलेल्या. एकीत कच्चं पाणी, दुसरीत निवळण टाकीनंतरचं, तिसरीत फिल्टरनंतरचं, चौथीत शुद्ध पाण्याच्या टाकीतलं. ज्यात क्लोरीन असेल त्यात सोडियम थायोसल्फेटचा किंवा क जीवनसत्त्वाचा कण टाका, नाहीतर क्लोरीनच बाकीचे वास झाकून टाकतं. बाटली अर्धी भरा, बूच लावा, गरम पाण्यात ठेवून आतलं पाणी ४५ अंशांपर्यंत आणा. हलवा, बूच काढा, लगेच हुंगा. दोन बाटल्यांच्या मध्ये मिनिट-दोन मिनिटं बाहेरच्या हवेत जा. जिऑस्मिनला नाक फार पटकन सरावतं. चौथ्या बाटलीला "काहीच वास नाही" असं वाटलं तर तो बऱ्याचदा नाकाचा थकवा असतो. चहा किंवा तंबाखू घेऊन आलेल्या माणसाला या कामाला बसवू नका.

आता चार बाटल्यांची तुलना करा. कच्च्या पाण्याला वास आहे आणि पुढे तो तेवढाच राहतो, तर द्रव्य धरणातच विरघळलेलं आहे. कच्च्याला कमी आणि निवळण टाकीनंतर जास्त, तर पेशी तुमच्याकडे फुटताहेत. त्याचं एक कारण क्लोरीन. दुसरं कारण फार कमी लोक तपासतात: गाळ. निवळण टाकीच्या तळाशी बसलेलं शेवाळ दोन-तीन दिवसांत मरतं, फुटतं आणि बसवलेलं सगळं वरच्या पाण्यात परत सोडतं. अशा दिवसांत गाळ काढण्याच्या वेळा दुप्पट करा. आणि बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्याचं, पाणी पुन्हा सुरुवातीला आणून मिसळत असाल तर ते तात्पुरतं थांबवा, कारण त्या पाण्यात फिल्टरने धरलेलं सगळं शेवाळ एकवटलेलं असतं. एका केंद्रात एवढ्या एका गोष्टीने वास अर्ध्यावर आलेला मी पाहिलाय. वास शोषणाऱ्या सक्रिय कोळशाचं (त्याकडे पुढे येतो) एक पोतंही उघडावं लागलं नव्हतं.

वास नक्की मातीचाच आहे ना, हेही एकदा पक्कं करा. शेवाळाचे वास अनेक प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. सिन्युरा वाढलं तर पाण्याला चक्क काकडीचा वास येतो. डायनोब्रायॉन आणि युरोग्लिना माशांच्या तेलासारखा वास देतात. मायक्रोसिस्टिसचा हिरवा थर ताजा असताना गवतासारखा, सुकल्या चाऱ्यासारखा वास मारतो, आणि कुजायला लागला की गंधकाचा. काकडी, मासळी आणि गंधक या वासांवर क्लोरीन किंवा पोटॅशियम परमँगनेट बऱ्यापैकी चालतं. "मागच्या वेळी तर क्लोरीनने वास गेला होता" असं कुणी म्हणालं, तर तो माणूस खोटं बोलत नाही. मागच्या वेळचा वास वेगळा होता. दवाखान्यासारखा, औषधी वास असेल तर शेवाळ सोडा, फिनॉल आणि क्लोरीनचा संबंध शोधा. आणि तक्रारी एकाच गल्लीतून येत असतील तर धरणाकडे धावू नका, तिथली नळवाहिनी बघा.

मग सूक्ष्मदर्शक. कच्च्या पाण्याचा थेंब शंभरपट मोठा करून पाहिला तरी पुरे. ॲनाबिना मण्यांच्या माळेसारखी दिसते. मधेच एखादा मणी मोठा, पारदर्शक, जाड कडेचा. त्या मण्यात ती हवेतला नायट्रोजन पकडते, म्हणून पाण्यातलं नायट्रेट कमी असलं तरी तिचं अडत नाही. फॉस्फरस मिळाला की झालं. ऑसिलेटोरिया म्हणजे सरळ, कापलेल्या दोऱ्यासारखे तंतू, आणि नीट पाहिलं तर ते सावकाश डोलताना दिसतात. नमुना ठेवून द्यायचा असेल तर ल्यूगॉल आयोडिन हे नमुना टिकवणारं द्रावण घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाहण्यासारखं काही उरत नाही.

वास जोरदार आणि थेंबात काहीच नाही, असंही होतं. तेव्हा लोक शेवाळाचा नाद सोडून देतात, आणि तिथेच चुकतात. ऑसिलेटोरिया आणि फॉर्मिडियम पाण्यात तरंगायलाच हवीत असं नाही. धरणाच्या उथळ काठावर, कालव्याच्या भिंतीवर, अगदी तुमच्या उघड्या वाहिनीच्या कडेलाही त्यांचा काळसर, मऊ गालिचा वाढतो. पाण्यातली पेशींची संख्या शून्य आणि वास मात्र तिथून अखंड सुटत राहतो. खरवडून काढलेला तुकडा बाटलीत घालून हुंगला की उत्तर मिळतं. आणि वास पहिल्या मोठ्या पावसाच्या लोंढ्याबरोबर आला असेल तर काठच्या मातीतल्या ॲक्टिनोमायसिटीजवर संशय घ्या.

इलाजातला सगळ्यात स्वस्त भाग जॅकवेलवर, म्हणजे धरणातलं पाणी जिथून उचलतो त्या विहिरीवर, असतो. उन्हाळ्यात साठलेल्या पाण्याचे थर पडतात: वर गरम, खाली थंड, आणि मधे तापमान झपाट्याने बदलणारा पट्टा. नीलहरित शेवाळाच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांच्या जोरावर ते वरच्या थरात, उजेडात राहतं. तुमच्या विहिरीला वेगवेगळ्या उंचीवर दरवाजे असतील तर दर दीड-दोन मीटरवर नमुना घ्या, हुंगा, थेंब बघा, आणि ज्या पातळीला वास सर्वांत कमी तो दरवाजा उघडा. थेट तळाशी मात्र जाऊ नका. तिथे प्राणवायू संपलेला असेल तर विरघळलेलं लोह, मँगनीज आणि सडक्या अंड्यांचा वास घरी घेऊन याल. वासाच्या तक्रारीच्या जागी लाल-काळ्या पाण्याची तक्रार, यात कमाई काही नाही.

दुसरा स्वस्त भाग तुरटीचा. शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड खातं, त्यामुळे सकाळी ७.८ असलेला पीएच दुपारी ९ च्या पुढे गेलेला मी कित्येकदा पाहिलाय. सकाळच्या जार टेस्टवर (भांड्यांत वेगवेगळे डोस टाकून पाहण्याची चाचणी) ठरवलेला डोस दुपारी पडून उपयोगाचा नसतो: गोळे धरत नाहीत, शेवाळ तरंगतं, आणि पाण्यात विरघळलेलं ॲल्युमिनियम वाढतं. बहराच्या दिवसांत जार टेस्ट दोनदा करा, एक सकाळी आणि एक दुपारी तीनच्या सुमारास. पीएच सातच्या आसपास खेचता आला तर पेशी न फुटता चांगल्या बसतात.

एवढं करूनही विरघळलेला वास उरला, तर औषध एकच आहे जे कुठल्याही केंद्रात पटकन सुरू करता येतं. सक्रिय कोळशाची पूड.

तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पैसा इथेच वाया जातो. साधारण डोस लिटरला १० ते ३० मिलिग्रॅम. दिवसाला १ कोटी लिटर पाणी असेल आणि डोस २० मिलिग्रॅम धरला तर रोज २०० किलो पूड लागेल. पंधरा दिवसांचा बहर म्हणजे तीन टन. एवढी खरेदी फोन करून दुपारी येत नाही. ती उन्हाळ्याआधी गोदामात हवी. कोळसा निवडताना आयोडिन नंबरवर विसंबू नका. त्या आकड्यावरून एकूण पृष्ठभाग कळतो, जिऑस्मिन किती पकडेल हे कळत नाही. दोन-तीन नमुने मागवा, तुमच्याच वासाच्या पाण्यात जार टेस्ट करा, गाळा आणि हुंगा. एमआयबी जिऑस्मिनपेक्षा चिवट आहे, त्याला डोस जास्त लागतो.

या द्रव्यांच्या इतक्या सूक्ष्म प्रमाणात कोळशाचा एक नियम हाताशी असावा: ठरावीक डोस ठरावीक टक्के काढतो, सुरुवातीचं प्रमाण काहीही असो. २० मिलिग्रॅमने ८० टक्के निघत असेल तर ५० नॅनोग्रॅमचे १० होतील, पण २०० चे ४० राहतील आणि लोक ओरडतच राहतील. म्हणून "मागच्या वर्षी एवढाच डोस पुरला होता" या वाक्याला अर्थ नाही.

पूड कुठे टाकायची? जितकी आधी टाकाल तितकी चांगली. किमान अर्धा तास, शक्यतो तासभर तिला पाण्याबरोबर फिरायला मिळालं पाहिजे. जॅकवेलपासून केंद्रापर्यंतची लांब नळवाहिनी हा त्यासाठी फुकटचा संपर्कवेळ आहे. क्लोरीन आणि कोळसा एका ठिकाणी कधीच नकोत. कोळसा क्लोरीन खातो, क्लोरीन कोळशाची पकड घालवतं, आणि बिल दोन्हींचं येतं. कोरडी पूड पोत्यातून थेट टाकू नका. पाण्यात नीट भिजवून, ढवळत ठेवून सोडा. फिल्टरच्या बॅकवॉशवर लक्ष ठेवा, नाहीतर एका सकाळी नळाला राखाडी पाणी येईल. आणि एक सुरक्षेची गोष्ट, जी पोत्यावर बारीक अक्षरात असते: ओला सक्रिय कोळसा हवेतला प्राणवायू शोषतो. कोळसा असलेल्या बंद टाकीत हवा तपासल्याशिवाय कुणालाही उतरवू नका.

ओझोन, किंवा ओझोनबरोबर हायड्रोजन पेरॉक्साइड, ही जोडी या द्रव्यांना खरोखर मोडते. दाणेदार कोळशाचे फिल्टरही उत्तम. पण ते पुढच्या आराखड्याचे विषय आहेत, या आठवड्याचे नाहीत.

धरणात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाकू का, हे कुणीतरी विचारणारच. १९०४ पासून पाणीपुरवठ्यात शेवाळावर ते वापरलं जातंय आणि ते शेवाळ मारतं यात शंका नाही. पण बहर पूर्ण भरात असताना टाकलं तर धरणातल्या सगळ्या पेशी एकदम फुटतात, आणि क्लोरीनने केंद्रात जे झालं तेच धरणभर होतं. कुजणारं शेवाळ प्राणवायू ओढतं, मासे वर येतात, तांबं गाळात साठत जातं. मोरचूदाची वेळ म्हणजे पेशींची संख्या नुकती चढायला लागते तो आठवडा, तेही पट्ट्यापट्ट्याने, पाण्याची क्षारता पाहून आणि ज्यांची परवानगी लागते ती घेऊन. तुमच्या बाबतीत दहा दिवस उलटलेत. ही वेळ गेली.

आता घातक असण्याचा प्रश्न. पिण्याच्या पाण्यात जेवढं असतं तेवढ्या जिऑस्मिन आणि एमआयबीचा आरोग्याला धोका दिसलेला नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्यासाठी आरोग्याधारित मर्यादाही ठरवलेली नाही. २०२० च्या जानेवारीत रिओ दी जानेरोच्या नळांना मातीची चव आली, लोकांनी बाटलीबंद पाण्यासाठी झुंबड उडवली, आणि कारण निघालं जिऑस्मिन. तिथेही कोळसाच टाकावा लागला. पण इथे थांबून चालणार नाही. नीलहरित शेवाळाच्या काही जाती विषही तयार करतात आणि त्या विषाला वास नसतो. वास आहे म्हणून विष आहे असं नाही, वास नाही म्हणून विष नाही असंही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोसिस्टिस किंवा ॲनाबिना भरपूर दिसली, तर मायक्रोसिस्टिन या विषाची चाचणी करून घ्याच. त्याचाच एक प्रकार असलेल्या मायक्रोसिस्टिन-एलआरसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं आयुष्यभराच्या सेवनासाठीचं मार्गदर्शक मूल्य लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात हेच विष सापडलं आणि सुमारे ५ लाख लोकांना पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असं सांगावं लागलं. उकळल्याने हे विष मोडत नाही. गंमत अशी की फिल्टरनंतरचं क्लोरीन पुरेसा वेळ मिळाला आणि पीएच ८ च्या खाली राहिला तर मायक्रोसिस्टिन मोडतं. वासापुढे मात्र तेच क्लोरीन हतबल. म्हणूनच वर म्हणालो, शेवटच्या डोसाला हात लावायचा नाही.

फोन करणाऱ्यांना "पाणी शंभर टक्के शुद्ध आहे" असं सांगू नका. ज्याच्या पेल्याला वास येतोय तो ते ऐकून आणखी चिडतो. वास आहे हे मान्य करा, शेवाळामुळे आहे हे सांगा, विषाची चाचणी केली असेल तर तिचा निकाल सांगा, कोळसा कधी सुरू केला ते सांगा. थंड केल्यावर वास कमी जाणवतो आणि गरम पाण्यात जास्त, म्हणून आंघोळीच्या वेळी तक्रारी वाढतात. घरच्या फिल्टरमध्ये ताजा कोळसा असेल तर त्याने फरक पडतो. नुसत्या अतिनील दिव्याने किंवा तुरटी फिरवून पडत नाही. घरच्या टाकीत कुणी ब्लीचिंग पावडर टाकत असेल तर थांबवा. आणि ज्यांच्या टाकीच्या झाकणातून उजेड आत जातो त्यांनी आधी टाकी बघावी, तिथे त्यांचं स्वतःचं शेवाळ असू शकतं.

कोळसा कधी थांबवायचा, हे विचारलं नाहीत, पण विचाराल. थेंबातल्या माळा कमी झाल्या म्हणजे वास गेला असं धरू नका. मरणारा बहर जिवंत बहरापेक्षा जास्त वास सोडतो. डोस एकदम बंद न करता पाच-पाच मिलिग्रॅमने उतरवा, प्रत्येक पायरीला दोन दिवस द्या. आणि हुंगायला स्वतः बसू नका. तुमचं नाक दहा दिवस त्याच इमारतीत आहे, ते आता साक्षीदार म्हणून बाद. रजेवरून आलेला एखादा पंप ऑपरेटर धरा, त्याच्यासमोर न सांगता तीन पेले ठेवा, दोनांत वास नसलेलं पाणी आणि एकात तुमचं. तुमचा पेला त्याला ओळखता आला नाही, तर पुढची पायरी उतरा.